जितं बीज

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गोकुळाबाईची खोड म्हणजे काहीही घेतलं की वर थोडं जास्त मागायचं. भाजीवालीकडं कोथिंबीर, किराणावाल्याकडं गूळ. त्या दिवशी मत्स्यबीज केंद्रावरही तिची जीभ गप्प बसली नाही. "भाऊ, वरून दोन ओंजळी टाका नं!" त्यानं टाकल्या. जर्मनचा गुंड, म्हणजे तिची ॲल्युमिनियमची घागर, माशांच्या पिल्लांनी गच्च भरला आणि बाई हरखून एसटीत चढली.

नव्याण्णव सालची गोष्ट. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीनं पहिल्यांदाच गावची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, मासे वाढवायला बायकांच्या हाती दिली होती, तीही एका हंगामापुरती. बीज मेलं की बोडी परत पुरुषांकडं, असं अध्यक्ष घनश्यामभाऊंनी चारचौघांत बजावलं होतं.

गुंड पायांशी धरून ती हातानं पाणी थापटत होती. तेवढीच पिल्लांना हवा. एरवी पिल्लं गुंडाच्या कडेकडेनं एकाच दिशेनं गरगर फिरतात. ही मात्र जागच्या जागी अडली. एकमेकांना धडकायची, मग तोंडं वर काढून आ वासायची. वळायलाच जागा नव्हती. गोकुळाच्याच हावेनं घात केला होता!

पुढच्या थांब्यावर रस्त्यालगत कुठल्याशा गावचा तलाव दिसला. "कंडक्टर भाऊ, दोन मिनिटं थांबा!" म्हणत ती उतरली. मन घट्ट करून अर्धी पिल्लं तिनं परक्या पाण्यात सोडली, गुंडात ताजं पाणी घेतलं. तिला रडूच आलं. पण बस कोसभर गेली असेल नसेल, एक पिल्लू कडेनं निघालं, त्याच्यामागं चार, आणि बघता बघता सगळा गुंड फिरू लागला.

बोडीवर बायका वाट बघत होत्या. घनश्यामभाऊंनी गुंडात डोकावून विचारलं, "एवढेसेच? बाकीचे कुठी गेले?"

"हाव केली भाऊ, जास्त भरले. मरून राह्यले होते, म्हणून रस्त्यात अर्धे सोडले."

त्यांनी ओंजळभर पिल्लं पाण्याच्या परातीत घेतली नि हातानं पाणी गरकन फिरवलं. मरतुकडं बीज भोवऱ्यात मधोमध गोळा होतं, जितं बीज धारेच्या उलट पोहतं. ही ढिवरांची परीक्षा. सगळी पिल्लं पाण्यासोबत वाहू लागली. गोकुळानं डोळे मिटून घेतले.

"बाई, पाहा नं," घनश्यामभाऊ म्हणाले.

परातभर पिल्लं तोंडं फिरवून धारेच्या उलट निघाली होती.

"मी असतो तं एकबी सोडला नसता," ते हळूच बोलले. "अन् सारेच मेले असते."

मग त्यांनी धोतर वर खोचलं, गुंडाचा एक काठ धरला आणि गोकुळाबरोबर पाण्यात उतरले.