वगळला तरी चालतो

मी एक जुना तिसरा भाग आहे. नुसते 'पुस्तक' म्हणवून घ्यायला मला आवडत नाही. 'मिठाचे सिंहासन' या पाच भागांच्या अद्भुत कादंबरीमालेतला मी बरोबर मधला. मित्रांनो, कोपऱ्यात पडलेल्या वस्तूचे रडगाणे ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा. मी कुणाच्या दयेवर जगलेलो नाही.

आम्ही पाचही भाग एकाच छापखान्यात जन्मलो, एकाच दोऱ्याने शिवले गेलो आणि एकाच खोक्यातून या वाचनालयात आलो. इथल्या बाईंनी आम्हाला खिडकीजवळची फळी दिली. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्या रेघांचा एक कोरा कागद चिकटवत. त्याला सगळे 'शिफारशीचे पान' म्हणत. वाचून झाले की त्यावर पुढच्या वाचकासाठी लिहायचे: कसे वाटले, कोणत्या मालेपेक्षा सरस, कोणत्या मालेपेक्षा फिके, पुढे काय वाचावे.

वर्षभराने आमच्या शेजारी नऊ भागांची ड्रॅगनांची माला आली. कानामागून आली आणि तिखट झाली. सोनेरी अक्षरे, रंगीत नकाशे, दर तीन पानांना आग. लोक दोन्ही माला शेजारी ठेवून भांडू लागले. मला ते भांडण आवडायचे. त्यांचे ड्रॅगन आमच्या समुद्री राक्षसापेक्षा चांगले आहेत, हे मी आजही मान्य करतो. पण आमच्या राजकन्येच्या पासंगाला पुरेल असे त्या नऊ भागांत कुणी नाही.

या भांडणात शेवटचा शब्द घड्याळवाल्या काकांचा असे. समोरच्या गल्लीत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान. वाचनालयातली एकही अद्भुत माला त्यांनी सोडली नव्हती, निदान सगळ्यांची तशी समजूत होती. त्यांनी एके दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, शिफारशीच्या पानावर लिहिले, 'तिसरा भाग वगळला तरी चालतो. थेट चौथा घ्या.' तेही शाईने.

झाले. लोक दुसरा परत करून चौथा न्यायला लागले. क्वचितच कुणी मला उघडून पाहिले. माझ्यात लढाई नाही, हे खरे आहे. माझ्यात पळून आलेली राजकन्या एक अख्खा हिवाळा मिठागरात काढते. तिथली एक म्हातारी कामगार तिला मीठ ओढायला शिकवते. राजकन्येच्या हातांना चिरा पडतात आणि त्या हातांनी ती पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे जेवते. मला याची लाज कधीच वाटली नाही.

पाचव्या भागात ती सिंहासन सोडते आणि एक जुने दंताळे खांद्यावर टाकून निघून जाते. मला वगळणाऱ्यांना हा शेवट कळेना. काका म्हणत, तिथे लेखिकेचा हात घसरलाय, त्यापेक्षा ड्रॅगनवाली माला सरस. माझ्यामुळे नव्हे, मला न वाचल्यामुळे आमची अख्खी माला बदनाम झाली. मला संताप यायचा, पण फळीवरून ओरडता येत नाही.

बारा वर्षांत माझ्या तारखांच्या चिठ्ठीवर सहा शिक्के पडले. मग नव्या पुस्तकांना जागा करायची वेळ आली. पाच वर्षांत कुणी न नेलेले पुस्तक रद्दीत, असे ठरले. माला मोडेल म्हणून बाई अडखळल्या. त्यांनी काकांना विचारले. काका म्हणाले, कुणी विचारणारही नाही. शनिवारी अकरा वाजता रद्दीवाला येणार होता. मला दाराजवळच्या खोक्यात टाकले गेले.

बुधवारी कंडक्टरताई आल्या. बसवर तिकिटे फाडून दमलेल्या, खांद्याला चामडी पिशवी. त्यांनी दुसरा भाग परत केला आणि तिसरा मागितला. बाईंनी शाईची ओळ दाखवली. "बाई, मधला थांबा गाळला तर प्रवासी माझी तक्रार करतात," ताई म्हणाल्या आणि खोक्यात हात घालून त्यांनी मला बाहेर काढले. रद्दीची यादी झाली आहे, शनिवारी अकराच्या आत परत आणा, असे बाईंनी बजावले.

ताईंनी मला तीन दिवसांत संपवले, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, डेपोतल्या बाकावर. शनिवारी दहा वाजता त्या मला घेऊन आल्या, तेव्हा काका नेमके वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"काका, ती म्हातारी राजकन्येला निघताना काय देते?" ताईंनी विचारले.

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. मग खाली बघत म्हणाले, "मी तो भाग वाचलेलाच नाही."

पुढचे त्यांनीच सांगितले. त्यांचा दुसरा भाग संपला, त्या वेळी मला, म्हणजे तिसऱ्या भागाला, कुणीतरी दोन महिने घरी अडकवून ठेवले होते. काकांना दम निघेना, त्यांनी चौथा वाचून टाकला. नंतर लोक विचारू लागले. सगळे वाचणाऱ्या माणसाने एक भाग वाचला नाही, हे सांगायचे कसे? म्हणून ती ओळ.

"पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं," काका म्हणाले. "मग लाज वाढतच गेली."

ताई त्यांना हसल्या नाहीत. त्यांनी मला काकांच्या हातात दिले आणि घड्याळाकडे बोट दाखवले. बाईंनी शिक्का मारला. रद्दीवाला आला, तेव्हा मी गल्ली ओलांडून दुकानात पोचलो होतो.

नऊ दिवस मी घड्याळांच्या सुट्या चाकांमध्ये पडून होतो. काका डोळ्याचे भिंग काढून, चष्मा लावून वाचत. शेवटच्या प्रकरणात म्हातारी आपले झिजलेले दंताळे राजकन्येच्या हातात देते. तिथे काका थांबले. "म्हणून होय," एवढेच म्हणाले आणि त्यांनी भर दुपारी दुकान बंद केले. तडक वाचनालयात येऊन त्यांनी दुसरा भाग मागितला. शाई खोडता येत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याखाली शाईनेच लिहिले, 'वरची ओळ लिहिणाऱ्याने तिसरा भाग वाचला नव्हता. ड्रॅगन तिकडचे चांगले, पण शेवट इथलाच. – तोच.'

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. धुळीने पुस्तक मरत नाही. तुम्हाला मी आवडलो नाही, तर खुशाल तसे लिहा, शाईने लिहा. पण आधी मला वाचा.