कॅमेऱ्याला हळदकुंकू

"हे काय आहे?" प्रणीतसाहेबांनी डंपरच्या केबिनमधल्या पडद्याकडे बोट केलं. पडदा लाल-पिवळा झाला होता. त्यात मातीचा बांध दिसत नव्हता, की मागे उभा असलेला ओदेलूही.

खाली खाणीचे जीएमसाहेब गळ्यात हार घालून उभे होते. शंभर टनी डंपर मागे घेताना ड्रायव्हरला आता मागचं सगळं दिसणार, म्हणून उद्घाटन होतं. खाणीत पांढरे बूट घालून येणारी माणसं त्या दिवशी बरीच जमली होती. प्रणीतसाहेब तर हे कॅमेरे बसवून घ्यायला हैदराबादेहून आलेले. त्यांनी कॅमेरा अशा जागी लावायला सांगितला होता की माती ओतून हौदा खाली बसताच त्याचा चुराच झाला असता. मी दहावी पास इलेक्ट्रिशियन. मुकाट्याने तो हातभर खाली लावला. साहेबांनी अहवालात ती स्वतःची सुधारणा म्हणून लिहिली. असल्या माणसांना मी मनात शिव्या देतो आणि तोंडावर "येस सर" म्हणतो.

ओदेलू शिट्टीवाला. डंपर मातीच्या कड्यापर्यंत मागे येतो, तेव्हा किती यायचं ते हाताने आणि शिट्टीने सांगणारा. सव्वीस वर्षांत त्याच्या पाळीत एकही डंपर कड्याखाली गेला नव्हता. कॅमेरे आले आणि सहापैकी पाच शिट्टीवाले हलवायचं ठरलं. राहणार होता एकटा ओदेलू, निवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं. तसं आलेलं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने मला दोनदा दाखवलं होतं.

उद्घाटनाआधी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, वर्कशॉपात आयुधपूजा झाली होती. यंत्रांना हळदकुंकवाचा बोट्टू, म्हणजे टिळा, लावायचा मान दर वर्षी ओदेलूचा. तेलात कालवलेली हळद घेऊन तो आला. मी शिडीवर कॅमेऱ्याच्या वायरी बांधत होतो.

"सारय्या, ह्या डब्याला पण लावू का रे?"

"डबा काय म्हणता ओदेलन्ना, डोळा आहे तो. आधी डोळ्याला लावा."

मी थट्टा केली होती. तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बाराही डंपरच्या शिड्या चढला आणि कॅमेऱ्यांच्या बाराही काचांवर सुबक गोल बोट्टू लावून आला. तो तिसऱ्या डंपरवर होता तेव्हा माझ्या ते लक्षात आलं. म्हटलं, उद्घाटनाआधी पुसून टाकू. मग सुट्टी आली, मटण आलं, ताडी आली. दसऱ्याच्या संध्याकाळी मी त्याच्या हातावर शमीची पानं ठेवून पाया पडलो, तेव्हाही मला आठवलं नाही.

"ही तोडफोड आहे सर," प्रणीतसाहेब केबिनमधून उतरून जीएमना म्हणाले. "कॅमेरे आल्यावर ज्यांच्या पोटात दुखतंय, त्यांचंच काम."

ओदेलू आपणहून पुढे आला. झेंडी काखेत होती. "मी लावला साहेब. दसऱ्याचा बोट्टू आहे."

"काचेवर? कोणी सांगितलं तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगायला कोण पाहिजे? दर वर्षी मीच लावतो."

माझ्या हातात पाना होता. मी पान्याकडे बघत राहिलो. युनियनचा राजमल्लू एरवी गेटवर घसा फोडतो, तो त्या वेळी पाहुण्यांना भजी वाढत होता. जीएमसाहेबांनी घड्याळ बघितलं. "म्हातारा झालाय. कॅन्टीनला टाका."

एक डंपर मागे घ्यायला याहून जास्त वेळ लागतो.

बाराही काचा मी रॉकेलच्या चिंधीने पुसल्या. पाव तासाचं काम. पडद्यावर बांध लख्ख दिसला, टाळ्या पडल्या. साहेबांना शिव्या देणारा मी, त्या सगळ्यांत हलकट मीच निघालो, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण नोकरी मलाही हवी होती.

पंधरा दिवस मी कॅन्टीनकडे फिरकलो नाही. सोळाव्या दिवशी गेलो. ओदेलूच्या अंगावर निळा सदरा होता. गळ्यात शिट्टी नव्हती, तिच्या दोरीचा फिकट पट्टा मानेवर तेवढा राहिला होता. त्याने माझ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला आणि साखरेचा चमचा वरच धरला.

"घालू का रे सारय्या? आता मी विचारूनच घालतो."

आवाजात राग नव्हता. मी काही बोलेपर्यंत तो चमचा तसाच धरून उभा राहिला. हात जरासुद्धा हलला नाही.

"घाला अन्ना," मी म्हणालो.

त्याने साखर घातली, ढवळली, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.