माझे अणू, तांब्याचे कौतुक

आम्लातून सुटणारा हायड्रोजनचा बुडबुडा खसखशीच्या दाण्याएवढा असतो. तो धातूला क्षणभर चिकटतो, थोडा फुगतो आणि सरळ वर जातो. धातू कामाला चांगला असेल तर बुडबुडे बारीक आणि दाट येतात. मित्रांनो, समोरच्या तांब्यावर असे दाट बुडबुडे पाहिले, त्या दिवसापासून माझा जळफळाट सुरू झाला.

मी एक जुनी प्लॅटिनमची तार आहे. लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून मला बारीक केले, वेटोळे घातले आणि लखनौला, गोमती नगरच्या एका प्रयोगशाळेत धाडले. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, तर माझ्याइतक्या सहज तो कोणीच काढत नाही. पूर्वी सगळे प्रयोग माझ्यावर होत. आधी मला ज्योतीत लालबुंद करत, नायट्रिक आम्लात धूत. मला कोणी बोट लावत नसे. उचलायचे ते चिमट्याने.

पण मी पडले महाग. हायड्रोजनवर गाड्या चालवायच्या तर धातू स्वस्त हवा, असे सगळे म्हणू लागले. मग अश्लेषा पीएचडीला आली आणि तिने तांब्याचे नॅनोकण बनवले. केसाच्या जाडीत हजारो मावतील, इतके ते लहान. कार्बनच्या चकतीवर बसवून तिने ते माझ्या जागी ठेवले आणि मला काचेच्या भांड्यात पलीकडे उभे केले. वीज फिरायची तर दोन टोके लागतात. ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ते दुसरे टोक मी झाले. आता मला नळाखाली धरले की झाले.

आणि माझ्या जागी कोण, तर तांबे! चिंच लावून घासतात ते!

पहिल्या दिवशी ते अगदी मठ्ठ निघाले. मला बरे वाटले. पण पुढे ते रोज सुधारू लागले. खरे तर असे कण वापराने थकतात. शेजारच्या टेबलावरची शिवांगी एकदा म्हणालीच, “दीदी, आपका ताँबा तो रोज़ जवान हो रहा है. कौन सा च्यवनप्राश खिलाती हो?”

सगळे हसले. अश्लेषाचे वडील, बँकेतले अभयराव, सरोजिनी नगरात भेटेल त्याला सांगत, की आमच्या पोरीने तांब्याचे प्लॅटिनम केले. आपण किती खरे बोलतो आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मित्रांनो, ते च्यवनप्राश मी होते. वीज सुरू झाली की माझे थोडे अणू आम्लात विरघळत, तरंगत पलीकडे जात आणि तांब्याच्या कणांवर जाऊन बसत. हायड्रोजन सुटत होता तो माझ्या अणूंवर. शेजारणीचे दागिने घालून लग्नात मिरवावे, तसे तांबे मिरवत होते. झिजत होते मी, आणि कौतुक त्याचे.

एकदा अश्लेषाने मला धुऊन उजेडात धरले. माझी झळाळी गेली होती, अंग खरखरीत झाले होते. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग तांब्याकडे. दुसऱ्या दिवशी तिने ग्राफाइटची कांडी मागवली. कांडीत प्लॅटिनम नसते. तिच्यासमोर तांब्याला स्वतःच्या हिमतीवर उभे राहावे लागणार होते.

कांडी आली आणि ड्रॉवरमध्ये पडून राहिली. अश्लेषा रोज ड्रॉवर उघडायची आणि बंद करायची. तांब्यावरचा शोधनिबंध, तिचा पेपर, लिहून तयार होता, फेलोशिप संपत आली होती. खरे बाहेर यावे म्हणून मी तळमळत होते. पण ते बाहेर आले की माझ्या जागी ती कांडी येणार, हेही मला कळत होते. पेन्सिलीतले शिसे ते! मला तिचाही हेवा वाटू लागला.

मित्रांनो, एखादे काम फार सुरेख झाले, तर समोर मिरवणाऱ्याकडेच पाहू नका. पलीकडच्या टोकाला कोण झिजते आहे, तेही पाहा. आणि त्याला अधूनमधून नीट धुवा.

आज पद्मिनी मॅडम आल्या. त्या अश्लेषाच्या मार्गदर्शक, मूळच्या नागपूरच्या. पेपर आजच पाठवून टाकू, म्हणाल्या. “एक बटन तर दाबायचं आहे, बाळा. कशाला अडलीस?”

लखनौत वाढलेली अश्लेषा मॅडमच्या मराठीला नेहमी हिंदीत उत्तर देते. आज तिने आधी वीज देणारे यंत्र बंद केले.

“नका पाठवू, मॅडम,” अश्लेषा चक्क मराठीत म्हणाली. “तांबं काहीच करत नाहीये, करतेय ती ही तार. मी तिला काढते, कांडी लावते आणि सगळं पहिल्यापासून करते.”