बाबांचा डावा कान

बाबांच्या स्मरणसभेत मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. ते दोन शब्द लिहिता लिहिता चार पानं झाली.

बाबा तरुणपणी लढाईत तोफेवर होते. परत आल्यावर शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि पुढे आमच्या प्रार्थनाघराचे पाळकही झाले. आठवडाभर तेलाचे हात, रविवारी उपदेश. पण गाजला तो त्यांचा कान. डावा लढाईत गेला, असं ते सांगत. उजव्याशी वाकून लोक आपली दुःखं कुजबुजत. बाबा डोळे मिटून मान हलवत आणि शेवटी म्हणत, "धीर धर. देव पाहतोय." नवरा पळून गेलेली असो की नवऱ्याला पळवून लावलेली, सल्ला एकच. लागूही पडायचा.

जेवताना उजवीकडची खुर्ची अशा दुःखी पाहुण्यांसाठी राखीव. आई कायम डावीकडे. माझी शाळा संपली त्या वर्षी ती रोज वाढता वाढता म्हणायची, "पोरीला पुढे शिकू द्या हो." बाबा खाली मान घालून जेवत. आवाज चढवायची सोय नव्हती, त्यांना तोफा आठवायच्या. वर्ष उलटलं आणि मी दुकानात मशिनं पुसायला बसले. पुढे जे काही शिकले ते दुकानातल्या रद्दीतून, तेलाच्या डागांसकट.

"त्यांना ऐकू गेलं असतं ना, तर नाही म्हणाले नसते," आई अजून म्हणते. या एका वाक्यावर आम्ही मायलेकींनी त्यांना पस्तीस वर्षं माफ केलं.

सभेआधी बाजूच्या खोलीत काठी टेकत एक म्हातारे आले. बाबांचे तोफेवरचे सोबती. इतकी वर्षं नुसती पत्रं, भेट आत्ताच, तीही अशी.

"तू त्याची मुलगी ना? बस. इकडे नाही गं, उजवीकडे. डावा गेलाय माझा."

"बाबांचाही डावाच."

"छे! त्याचा उजवा. तोफेच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला तो. दोघांचे कान एकाच दिवशी फुटले. डॉक्टर म्हणाला, दोघं मिळून एक धड माणूस आहात, जा!"

"काका, तुमची गल्लत होतेय."

"पोरी, बायकोचा वाढदिवस विसरलो मी, बोलणीही खाल्ली. पण चार महिने त्याच्या उजव्या हाताला चाललो, त्याचा कान होऊन. ते विसरेन?"

बाबा मशीन कसं तपासायचे? फळीवर डोकं टेकवून, हाताने चाक हळूहळू फिरवत. "शटल घासतंय," म्हणायचे, आणि ते घासतच असायचं. फळीला टेकायचा तो डावा कान. मी समोर दिवा धरून उभी असायची. मला वाटायचं, त्यांना बोटांनी कळतं.

म्हणजे त्या सगळ्या दुखावलेल्या बायाबापड्यांचं कुजबुजणं त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचलं. आणि आईचं एकूण एक वाक्य पोचलं.

माझं नाव पुकारलं. पहिल्या पानावर पहिलं वाक्य होतं, 'बाबांनी सगळ्यांचं ऐकलं.' समोर पहिल्या बाकावर आई, नवी चादर अंथरल्यासारखी नीट बसलेली. मी पानं दुमडली.

"बाबा मशिनं फार छान दुरुस्त करायचे," म्हटलं आणि उतरले. पोरीला दुःख आवरलं नाही, असं मागे कोणीतरी म्हणालं.

मी बाकावर टेकले तशी आईने कोपर मारलं. "एवढंच? चार पानं लिहिली होतीस ना? शाळेचं सांगायचं होतंस. त्यांना ऐकू गेलं असतं, तर नाही म्हणाले नसते." मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "नसतेच म्हणाले ना गं?"

पलीकडे काका काठीच्या मुठीकडे बघत बसले होते.

"नसते म्हणाले, आई."

हल्ली तिला कमी ऐकू येतं. म्हणून जवळ सरकून, जरा मोठ्याने, पुन्हा एकदा म्हटलं.