जाळी कुठं गेली?

मित्रांनो, मी हातोडा आहे. पण खिळे ठोकणारा नव्हे. लोखंडी गोळा, त्याला जोडलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मूठ, असा मी हातोडाफेकीचा हातोडा. आता जुना झालो आहे. माझ्या पोटात राग आहे. तो कुणावर, तेच सांगतो.

तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. देवगाव रंगारीहून म्हाळसा नावाची मेंढपाळाची मुलगी मैदानावर आली. लंगडी मेंढी खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारी ती! मला धरून पहिल्यांदाच गरकन फिरली आणि मी पार कुंपणापाशी जाऊन रुतलो.

तिचे चुलते कारभारी मात्र भडकले. "अंगात आल्यावानी गरागरा फिरती! लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू द्या, तात्या. म्या फेकणारच."

तिचे तळहात सोलवटले, घट्टे पडले, तरी ती थांबली नाही. पुढे ती भारताकडून खेळली, परदेशातून कांस्यपदक घेऊन आली. मिरवणुकीत कारभारी सर्वांत पुढे नाचले. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

खांदा निकामी झाल्यावर ती याच मैदानावर मुलींना शिकवू लागली. मैदानाचे व्यवस्थापक बद्रीनाथराव यांना म्हाळसाबाई कधीच खपल्या नाहीत. मित्रांनो, फेकीच्या वर्तुळाभोवती उंच जाळी असते. भलतीकडे सुटलेला हातोडा ती अडवते. बद्रीनाथरावांनी ती जाळी एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात मांडवाला दिली. ती परत आलीच नाही. बाईंनी फेक बंद ठेवली.

क्रीडादिनाला बडे पाहुणे आले. शाळेची मुले वर्तुळाला अगदी खेटून बसवली होती. बद्रीनाथरावांनी मला उचलून आणले.

"बाई, पाहुण्यांना एक फेक दाखवा."

बाईंनी माझ्या तारेवरून बोट फिरवले. "तार झिजली. जाळी नाय. लेकरं बसलीत. नाय फेकणार."

"मेंढरं हाकणारीला मैदान दिलं, म्हणून माज आला व्हय?" ते दात खाऊन म्हणाले.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मुलांना उठवून थेट फाटकाबाहेर पाठवले. मग मला घेऊन त्या वर्तुळात उभ्या राहिल्या.

"या साहेब. जाळीच्या जागी तुम्ही उभं राहा. मग फेकते."

बद्रीनाथराव जागचे हलले नाहीत. शेवटी पाहुण्यांनीच विचारले, "जाळी कुठं गेली?"

आठवड्याच्या आत नवी जाळी लागली. त्याच आठवड्यात म्हाळसाबाईंना कामावरून काढले. "बाई, माफी मागा ना," मुली रडत म्हणाल्या.

"म्या? मरून जाईन, पण मागणार नाय," असे म्हणून त्या फाटकाबाहेर पडल्या. मागे वळूनही पाहिले नाही.

मी सामानाच्या खोलीत गंजतो आहे. मला तेल लावा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, फेकण्याआधी तार बघा, जाळी बघा. आणि त्यासाठी भांडणारे माणूस मैदानावर असेल, तर त्याला जपा. आमच्याकडे ते कुणी जपले नाही. बद्रीनाथराव अजून त्याच खुर्चीत आहेत. खोलीत आले की पायाने मला बाजूला सारतात. सारोत बापडे. माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.