मयुरीची गरम पाण्याची पिशवी

मित्रांनो, मी रबराची एक जुनी लाल पिशवी आहे, गरम पाण्याने शेकायची. आर्वीच्या औषधाच्या दुकानातून रोहणा गावच्या प्रमिलाबाईंनी मला घरी आणले, तेव्हा त्यांची मयुरी अंगणवाडीत जात होती. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्माचा आजार. थंडी बाधली की तिची हाडे अशी ठणकत, की पोर अंथरुणावर तळमळत राही.

दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात आम्हा दोघींचे फार लाड झाले. अनुसयाबाई सिस्टर दारातच म्हणत, "आली का माही मयुरी?" मग मला भरून आणत. डॉक्टरांनी काही विचारले की उत्तर आई देई. कुठे दुखते, कोणती गोळी चालू आहे, रक्त कधी चढवले, सगळे तिला तोंडपाठ. मयुरी मला पोटाशी धरून भिंतीवरचा रंगवलेला मोर बघत पडे. तिने स्वतः काही सांगावे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

ती अठरा वर्षांची झाली. "आता तू मोठी झाली, बाई. तिकडल्या वार्डात जाजो," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. तिकडे कोणाला भेटायचे, हे कोणी सांगितले नाही. मोठ्यांच्या वॉर्डात चौकीदाराने आईला फाटकाबाहेरच थांबवले. घाईतल्या तरुण डॉक्टरने विचारले, "काय आजार आहे? औषधं कोणती चालू आहेत?"

मयुरीने मागे वळून पाहिले. आई नव्हती.

"लय दुखून राह्यलं," एवढेच ती बोलली. एक इंजेक्शन देऊन तिला घरी धाडले.

त्या दिवसापासून तिने हाय खाल्ली. कळ आली की आई म्हणे, "चाल, दवाखान्यात जाऊ."

"मले नाई जायचं तिथं. पिशवी भरून दे."

आई बिचारी मला भरून देई. रोजच्या गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मित्रांनो, ज्या उबेचा मला एवढा तोरा होता, तिचीच मला चीड येऊ लागली. मी हाडे शेकू शकते, रक्ताला औषध कुठून देणार?

या हिवाळ्यात कळ छातीत आली. तिला श्वास घेता येईना. आईने जबरदस्तीने ऑटोत बसवले, तेव्हाही ती मान हलवत होती. दवाखाना यायच्या आतच मयुरी गेली. तिच्या छातीवर मी अजून कोमट होते.

मित्रांनो, आजारी लेकराचे लाड करा, पण त्याचा आजार आणि त्याचे औषध त्यालाही सांगता येऊ द्या. नव्या डॉक्टरच्या खोलीत पहिल्यांदा त्याला एकटे सोडू नका. मोठ्यांच्या वॉर्डात त्या दिवशी मी मयुरीच्या कुशीत होते आणि मला सगळे ठाऊक होते, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.