दुसरा वजीर

ग्लासगोत आम्हा बायकांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. त्या साली अजिंक्यपदाचा शेवटचा डाव पडला नणंद-भावजयीत.

ग्रिझेल अबरनेथीला वडिलांनी लहानपणीच खेळ शिकवला होता. भाऊ हेक्टर रोज संध्याकाळी तिच्याशीच खेळायचा. मग त्याचं लग्न झालं. त्याची बायको नेटा हिलाही स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळ शिकवला तो ग्रिझेलनेच. वर्षभरात हेक्टर पट मांडला की हाक मारायचा ती नेटाला. ग्रिझेल खुर्ची ओढून बाजूला बसायची आणि मोजे विणायची.

शेवटच्या डावाला नेटा अर्ध्या गुणाने पुढे होती. बरोबरीही तिला पुरेशी होती, ग्रिझेलला मात्र जिंकणंच भाग होतं. आणि ती जिंकत होती. नेटाकडे फक्त राजा उरला, तोही कोपऱ्यात. ग्रिझेलकडे वजीर आणि शेवटच्या घरापासून एकच पाऊल दूर असलेलं प्यादं. वजीर एक घर सरकवला की मात होती.

ग्रिझेलने मान वर केली. हेक्टर नेटाच्या खुर्चीमागे उभा होता.

तिने शेजारच्या पटावरचा वजीर उचलला, प्यादं शेवटच्या घरात सरकवलं आणि त्याच्या जागी तो दुसरा वजीर ठेवला. बघू दे सगळ्यांना, भावजयीची कशी जिरवली ते.

नेटाने राजाभोवतालची घरं बोटाने मोजली. मग हळूच म्हणाली, "ग्रिझेल, मला शह नाहीये. आणि हलायला जागाही नाही."

पंच वाकून बघून गेले. शह नसताना राजा अडकला, म्हणून नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. चषक नेटाचा.

घरी जाताना ट्राममध्ये नेटा म्हणाली, "मी मघाच हार मानणार होते."

"मग मानली का नाहीस?"

"तुझा चेहरा बघितला. नुसतं जिंकून तुझं भागणार नव्हतं. म्हटलं, बघू कुठवर जातेस."

"तुला शिकवलं तीच माझी चूक," ग्रिझेल म्हणाली.

"शिकवलंस छान," नेटा म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पुढच्या रविवारी हेक्टरने पट मांडला आणि कितीतरी दिवसांनी बहिणीला विचारलं, "बसतेस?"

"कीव नको करूस. तिच्याशीच खेळ," ग्रिझेल म्हणाली. पण उठून गेली नाही. नेटाचा घोडा फुकट मारला गेला, तेव्हा ग्रिझेलने आपल्या चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि चवीने प्यायली.